वाटाड्या, छायाचित्र आणि कवी : नामदेव ढसाळांच्या सचित्र चरित्राविषयी

१

मराठीतील चरित्रग्रंथात छायाचित्रांची जागा बहुधा ठरलेली असते. पुस्तकाच्या मध्यभागी आठ-दहा गुळगुळीत पाने येतात. त्यांवर जन्मघर, आईवडील, विवाह, सहकाऱ्यांसमवेत काढलेले समूहचित्र, सत्कार आणि शेवटी वार्धक्यातील एक शांत मुद्रा अशा क्रमाने चित्रे मांडलेली असतात. हा क्रम वरवर निरुपद्रवी दिसतो. वस्तुतः तो एका विशिष्ट जीवनकल्पनेचा क्रम आहे. व्यक्ती एका घरात जन्माला येते, समाजात स्थान मिळवते आणि अखेरीस समाज तिला शाल-श्रीफळ देतो, हे गृहीत त्या गुळगुळीत पानांत आधीच छापलेले असते. ज्या लेखकाने हे गृहीतच उधळून लावले, त्याचे सचित्र चरित्र कसे रचायचे, हा प्रश्न म्हणूनच केवळ मांडणीचा किंवा मुद्रणाचा राहत नाही. तो वाङ्मयीन भूमिकेचा प्रश्न होतो.

नामदेव ढसाळ यांच्या संदर्भात हा प्रश्न उपस्थित करण्यास एक ठोस निमित्त आहे. ‘नामदेव ढसाळ : पोएट ऑफ द अंडरवर्ल्ड’ हे इंग्रजी पुस्तक नवयान प्रकाशनाने २००७ मध्ये प्रसिद्ध केले. १९७२ ते २००६ या काळातील कवितांची निवड, त्यांचा अनुवाद आणि प्रास्ताविक विवेचन दिलीप चित्रे यांचे. छायाचित्रे म्युनिकचे छायाचित्रकार हेनिंग श्टेगम्युलर यांची. त्याआधी १९९६ मध्ये म्युनिकमधून निघालेल्या मुंबईविषयक एका जर्मन पुस्तकातही हे तिघे एकत्र आले होते. औपचारिकदृष्ट्या २००७ चे पुस्तक काव्यसंग्रह आहे. परंतु चित्र्यांच्या विवेचनात कवीचा जीवनक्रम, त्याचा परिसर, त्याच्याशी असलेली दीर्घ मैत्री आणि अनुवादाचे अनुभव एकमेकांत मिसळतात, आणि छायाचित्रे त्या कथनाला देह देतात. त्यामुळे मराठी न वाचणाऱ्या वाचकापर्यंत ते पुस्तक पोहोचते ते ढसाळांचे सचित्र चरित्र म्हणूनच. आज इंग्रजीतून ढसाळांविषयी लिहिणारा बहुतेक प्रत्येक अभ्यासक याच पुस्तकाच्या दारातून आत आलेला असतो. ते दार नेमके कोठे उघडते आणि कोणासाठी, याची तपासणी म्हणून आवश्यक ठरते.

२

या दाराची चौकट मात्र २००७ मध्ये तयार झाली नाही. ती ‘गोलपिठा’ या १९७२ च्या पहिल्या संग्रहालाच बसवलेली होती. त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. पांढरपेशांच्या जगाची हद्द जेथे संपते, तेथून या कवितेचे जग सुरू होते, अशा आशयाची मांडणी तेंडुलकरांनी तेथे केली. ढसाळांबरोबर त्या वस्तीत आपण फिरलो, अनेक शब्दांचे अर्थ आपण कवीला विचारून घेतले, हेही त्यांनी मोकळेपणाने नोंदवले. मराठी समीक्षेने ही प्रस्तावना पुढे इतक्या वेळा उद्धृत केली की कवितेआधी प्रस्तावना वाचणे हा ‘गोलपिठा’च्या वाचनाचा जणू विधीच होऊन बसला.

त्या प्रस्तावनेचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. मराठीतील एक अग्रगण्य नाटककार आपले अज्ञान जाहीरपणे कबूल करतो, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. परंतु तिच्यातून वाचनाचा एक आकृतिबंध निर्माण झाला, तो येथे महत्त्वाचा आहे. या आकृतिबंधात एक प्रवासी आहे, एक वाटाड्या आहे आणि एक अनोळखी प्रदेश आहे. प्रवासी परत येऊन आपल्या माणसांना वृत्तांत सांगतो. असा वृत्तांत ऐकणाऱ्याला कविता ही त्या प्रदेशाची साक्ष वाटू लागते. कवीने काय रचले यापेक्षा कवीने काय पाहिले, हा प्रश्न पुढे येतो.

हाच आकृतिबंध नंतर दोनदा परतलेला दिसतो. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘इंडिया : अ मिलियन म्युटिनीज नाऊ’ या १९९० च्या प्रवासग्रंथातील मुंबईविषयक प्रकरणात ढसाळ आणि मलिका अमर शेख यांची भेट आहे. तेथे कवी एका अस्वस्थ देशाच्या पाहणीतील पात्र होतो. आणि २००७ च्या पुस्तकात चित्रे हे मित्र, अनुवादक आणि मार्गदर्शक अशा तिहेरी नात्याने उभे राहतात. त्यांच्या सोबत कॅमेरा असतो. तेंडुलकर, नायपॉल आणि चित्रे यांची दृष्टी अर्थातच एक नाही. नायपॉल यांचे कुतूहल समाजाकडे अधिक आणि कवितेकडे कमी आहे. चित्रे स्वतः कवी आहेत आणि ‘शब्द’ या १९५० च्या दशकातील अनियतकालिकापासूनच्या वाङ्मयीन बंडखोरीचे ते भागीदार आहेत. तरीही तिघांच्या लेखनातील हालचाल एकच आहे. हद्द ओलांडून आत जाणे आणि पाहिलेले घेऊन परत येणे, ही ती हालचाल.

येथे एक महत्त्वाची दुरुस्ती करावी लागते. या सर्व सफरींत वाटाड्या कोण होता? तेंडुलकरांना वस्ती दाखवली ती ढसाळांनी. चित्र्यांना आणि त्यांच्या जर्मन मित्राला ज्या शहरात प्रवेश मिळाला ते शहरही ढसाळांच्याच ओळखीचे होते. ढसाळांनी टॅक्सी चालवली होती; शहराच्या गल्ल्यांचे ज्ञान ही त्यांची उपजीविकाच होती. म्हणजे कवी हा केवळ पाहिला गेलेला विषय नव्हता. आपली वस्ती कोणाला दाखवायची, कोणत्या मुद्रेने कॅमेऱ्यासमोर बसायचे, आपल्याविषयीची आख्यायिका कितपत वाढू द्यायची, हे तो स्वतः ठरवत होता. आपल्या प्रतिमेचा तो सहनिर्माता होता. सचित्र चरित्राची चिकित्सा करताना कवीला निष्पाप आणि छायाचित्रकाराला अपराधी ठरवणे सोपे आहे. परंतु ती चिकित्सा वस्तुस्थितीला धरून होणार नाही. प्रश्न छायाचित्रकाराच्या हेतूचा नाही. छायाचित्र कवितेच्या शेजारी ठेवले म्हणजे कवितेचे काय होते, हा आहे.

३

‘गोलपिठा’ मराठीत वाचताना पहिला अडथळा येतो तो शब्दांचा. वेश्यावस्तीतील व्यवहाराचे शब्द, मटक्याच्या आणि हातभट्टीच्या धंद्यातील शब्द, रोगांची नावे, महारवाड्यातील बोली, मुंबईची हिंदी, उर्दूचे तुकडे आणि त्यांच्या मध्येच अचानक येणारे संस्कृतप्रचुर मराठी असा तो भाषेचा गदारोळ आहे. मराठी वाचकाला आपल्याच भाषेत आपण परके आहोत, याची जाणीव ही कविता करून देते. तेंडुलकरांनी शब्दांचे अर्थ विचारले ते याच कारणाने. या कवितेतील सामाजिक आघात आणि भाषिक आघात हे दोन वेगळे आघात नाहीत. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांचे शब्दही कोशाबाहेर ठेवले गेले होते. ते शब्द कवितेत येताच कोशाची आणि गावाची अशा दोन्ही वेशी एकदम कोसळतात.

इंग्रजी अनुवादात ही घटना त्याच रीतीने घडू शकत नाही. चित्र्यांनी अनुवादात मोठी जोखीम पत्करली आहे. मूळ कवितेचा वेग आणि शिवराळ वक्तृत्व त्यांनी बऱ्याच अंशी राखले आहे. परंतु इंग्रजीतील शिवी ही इंग्रजी वाचकाला परकी नसते. ती त्याच्या परिचयाची असते, आणि विसाव्या शतकातील इंग्रजी-अमेरिकन कवितेने ती आधीच पचवलेली असते. मराठी वाचकाला स्वतःच्या भाषेत वाटलेले परकेपण तेथे उरत नाही. मग ते परकेपण जाते कोठे? ते भाषेतून दृश्यात सरकते. शब्दाने जो धक्का द्यायचा तो आता छायाचित्र देते. मराठी संग्रहात प्रस्तावनेतील शब्दार्थांनी जे काम केले, तेच काम इंग्रजी पुस्तकात छायाचित्रे करतात, असे म्हणता येईल.

रोलाँ बार्त यांनी १९६१ आणि १९६४ च्या आपल्या दोन निबंधांत छायाचित्र आणि शब्द यांच्या संबंधाची जी मीमांसा केली, ती येथे उपयोगी पडते. पूर्वी चित्र शब्दाचे स्पष्टीकरण करत असे. आधुनिक वृत्तपत्रीय व्यवहारात शब्द हा चित्रावर अर्थ लादतो आणि चित्राच्या अनेक संभाव्य अर्थांपैकी एकाला नांगर घालून स्थिर करतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ढसाळांच्या पुस्तकात या संबंधाची दिशा उलटलेली दिसते. येथे अनेकार्थी असते ती कविता, आणि छायाचित्र तिला नांगर घालते. कवितेत गोलपिठा हे एकाच वेळी मुंबईतील एक ठिकाण, शरीराची एक अवस्था, इतिहासाचा उकिरडा आणि क्रांतीचा उगम असते. छायाचित्रात मात्र ते एक ठिकाणच असते. कॅमेऱ्याला रूपक दिसत नाही. त्याला गल्ली दिसते. वाचक गल्ली पाहतो, मग कविता वाचतो आणि कवितेत पुन्हा गल्लीच शोधतो.

प्रतिसंस्कृती ही संज्ञाही येथे तपासून घेतली पाहिजे. अमेरिकन बीट कवींच्या परंपरेत प्रतिसंस्कृती म्हणजे हाती असलेली संस्कृती नाकारणे. ॲलन गिन्सबर्ग १९६२-६३ मध्ये भारतात वावरले तेव्हा ते एका संपन्न समाजाकडे पाठ फिरवून आले होते. मराठी अनियतकालिकांच्या चळवळीतील अनेकांनाही नकाराचा हा अधिकार जन्माने मिळालेला होता. पुणे जिल्ह्यातील पूर-कनेरसर येथे १९४९ मध्ये जन्मलेल्या आणि खाटकाच्या दुकानात काम करणाऱ्या बापामागोमाग मुंबईत आलेल्या महार मुलाला जी संस्कृती कधी दिलीच गेली नव्हती, ती त्याने नाकारायची कशी? ढसाळांचा नकार हा नाकारल्या गेलेल्याचा नकार आहे. तो स्वेच्छेने पत्करलेला भणंगपणा नव्हे. ‘भूमिगत जगाचा कवी’ असे शीर्षक आणि त्याखाली कवीची छायाचित्रे, ही मांडणी मात्र त्याला पाश्चात्त्य वाचकाच्या ओळखीच्या शापित कवींच्या मालिकेत नेऊन बसवते. या मालिकेतील स्थान सन्मानाचे असले तरी त्यात जात अदृश्य होण्याचा धोका असतो. छायाचित्रात दारिद्र्य दिसते. जात दिसत नाही.

४

हा प्रश्न केवळ परदेशी वाचकापुरता असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु पांढरपेशांच्या जगाची जी हद्द तेंडुलकरांनी १९७२ मध्ये दाखवली, ती हद्द मराठी वाचकाच्या बाबतीतही स्थिर राहिलेली नाही. त्या हद्दीचे भौगोलिक स्थलांतर झाले आहे.

१९७२ मध्ये मुंबईतील मराठी ग्रंथव्यवहाराचा वाचक मुख्यतः गिरगाव, दादर, परळ, पार्ले या भागांत होता. गिरगाव आणि कामाठीपुरा यांमधील अंतर पायी चालण्याइतके आहे. तेंडुलकरांचे वाक्य म्हणूनच तीव्र होते. ज्या प्रदेशाला मराठी साहित्याने निर्मनुष्य मानले तो शेजारच्या गल्लीत होता. अंतर मैलांचे नव्हते, दृष्टीचे होते. पुढील दशकांत हा वाचक मध्य रेल्वेच्या मार्गाने सरकत गेला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी गेली ती ठाण्यापर्यंत, आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोहोचली. या मार्गाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी मध्यमवर्गाचे सर्वांत मोठे स्थलांतर वाहून नेले. चाळीतील खोली विकून डोंबिवलीत दोन खोल्यांचा ब्लॉक घेणारा कारकून, शिक्षक, बँक कर्मचारी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव सोडून कल्याण, दिवा, बदलापूर येथे गेलेली कामगार कुटुंबे. या सर्वांनी ठाणे जिल्ह्यात एक नवे मराठी वाचकविश्व उभे केले. जुन्या संस्था तेथे आधीपासून होत्याच. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० मध्ये ठाण्यात आणि २०१७ मध्ये डोंबिवलीत भरले, हेही या स्थलांतराचेच वाङ्मयीन शिक्कामोर्तब होते.

या वाचकाच्या दृष्टीने ‘गोलपिठा’ आता शेजारची गल्ली नाही. ती सुमारे पन्नास किलोमीटर दूर आहे. शिवाय स्वतः कामाठीपुराही बदलला आहे. तेथील व्यवसायाचा मोठा भाग विखुरला आहे आणि पुनर्विकासाच्या योजना त्या जमिनीचे मोल नव्याने ठरवीत आहेत. ठाणे-डोंबिवलीतील एखादा पदव्युत्तर विद्यार्थी श्टेगम्युलर यांची छायाचित्रे पाहतो तेव्हा त्याला जी मुंबई दिसते, ती त्याच्या आजी-आजोबांनी सोडलेली मुंबई असते. चित्रातील शहराभोवती गतकाळाचे एक वलय निर्माण होते. ज्या दृश्याने अस्वस्थ करायचे ते दृश्य स्मरणरंजनाचा विषय होऊ लागते. सुझन सोंटॅग यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात छायाचित्राच्या या स्वभावाची चर्चा केली आहे. काळ लोटला की छायाचित्रातील वेदनाही सुंदर दिसू लागते.

याचा परिणाम वाचनावर होतो. ढसाळांची कविता जर गोलपिठ्याची साक्ष असेल आणि गोलपिठा जर भूतकाळात गेला असेल, तर कविताही दस्तऐवज होते. तिचा अभ्यास करता येतो. तिच्याकडून धोका उरत नाही. परंतु ज्या व्यवस्थेविषयी ती कविता बोलते ती व्यवस्था काही कामाठीपुऱ्याच्या चार गल्ल्यांत मावणारी नव्हती. भिवंडीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, उल्हासनगरच्या कारखानदारीत, लोहमार्गाच्या कडेच्या झोपड्यांत आणि मैला उपसणाऱ्याच्या रोजच्या मरणात ती त्याच लोकलच्या खिडकीतून दिसते, जिच्यात बसून वाचक ‘गोलपिठा’ वाचत असतो. छायाचित्राने कवितेला एका जागी नांगर घातला की खिडकीबाहेरचे हे दृश्य कवितेशी जोडले जात नाही. हद्द पुन्हा आखली जाते आणि ती वाचकाच्या सोयीच्या बाजूने आखली जाते. सचित्र चरित्राने वाचकाला मुंबईत नेऊन आणले, परंतु तो जेथे राहतो ते ठाणे, ते कल्याण त्याला दिसू दिले नाही, तर त्या चित्रांचा उपयोग मर्यादित म्हणावा लागेल.

५

चित्रांची दुसरी मर्यादा काळाची आहे. ढसाळांच्या जीवनातील जे प्रसंग आजही वादाचे आहेत, त्यांपैकी बहुतेकांचे छायाचित्र होऊ शकत नाही. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली, ज. वि. पवार, राजा ढाले आणि ढसाळ ही तिच्या संस्थापकांतील प्रमुख नावे. मोर्चा, सभा, भिंतीवरील घोषणा यांची चित्रे काढता येतात. परंतु पँथरमधील फूट, आंबेडकरवाद आणि मार्क्सवाद यांच्या संबंधावरून झालेला कडवा वाद, आणीबाणीच्या काळात इंदिरा गांधींवर लिहिलेली ‘प्रियदर्शिनी’ ही दीर्घ कविता, नंतरच्या काळातील शिवसेनेशी जवळीक आणि ‘सामना’तील स्तंभलेखन, या गोष्टी दृश्यरूप घेत नाहीत. त्यांना युक्तिवाद लागतो. चित्र्यांच्या विवेचनात मैत्रीच्या नात्याने कवीला झुकते माप मिळते, आणि कवीच्या राजकीय वळणांपेक्षा त्याच्या प्रतिभेची सलगता त्यांना महत्त्वाची वाटते. ही भूमिका अनुवादकाला शोभणारी आहे. चरित्रकाराला ती पुरेशी नाही. ज्याने व्यवस्थेला शिव्या दिल्या त्याने सत्तेशी वेळोवेळी केलेला व्यवहार हा चरित्रातील अडचणीचा भाग नसून चरित्राचा गाभा आहे. तो वगळून उरलेला ढसाळ हा कायम १९७२ मध्ये उभा असलेला, चिरतरुण, चित्रात शोभणारा ढसाळ असतो. प्रत्यक्षातील कवी मात्र १९८१ पासून स्नायूंच्या दुर्धर विकाराशी झगडत होता, १९९९ मध्ये पद्मश्री स्वीकारत होता आणि १५ जानेवारी २०१४ रोजी मृत्यू येईपर्यंत आपल्याच आख्यायिकेशी तडजोडी करत होता.

तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे, आणि तिच्याकडे लक्ष वेधणारी संहिता मराठीत फार पूर्वी लिहिली गेली. मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. जेरी पिंटो यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०१६ मध्ये आला. शाहीर अमर शेख यांची ही कन्या स्वतः कवयित्री. तिच्या कथनात ढसाळांचे घर आतून दिसते. विवंचना, हिंसा, एकाकीपण, आजार आणि या सर्वांसहित उरलेली ओढ असे ते दर्शन आहे. बाहेरच्या जगाला विद्रोही कवी दिसत असताना घरात काय घडत होते, हे कोणत्याही वाटाड्याच्या सफरीत दिसण्यासारखे नव्हते. सफर वस्तीची होते. स्वयंपाकघराची होत नाही.

या आत्मकथनाचा उपयोग अनेकदा ढसाळांवरील आरोपपत्र म्हणून केला जातो, किंवा खासगी बाब म्हणून ते बाजूला ठेवले जाते. दोन्ही रीती वाङ्मयीनदृष्ट्या अपुऱ्या आहेत. वेश्येच्या देहाविषयी ज्या कवीने मराठीत अभूतपूर्व करुणेने लिहिले, त्याच्या घरातील स्त्रीचा अनुभव त्या करुणेच्या शेजारी ठेवून वाचणे हे कवितेला खोटे ठरवण्यासाठी नव्हे, तर तिच्यातील ताण समजून घेण्यासाठी आवश्यक आहे. ढसाळांच्या काव्यात स्त्री ही आई, वेश्या, क्रांती आणि भूमी या रूपांत भव्य होते. रोजच्या व्यवहारातील सहचरी म्हणून ती क्वचितच उभी राहते. ही उणीव चरित्रातून आलेली माहिती नाही. ती कवितेतच दिसते. मलिका अमर शेख यांची संहिता ती पाहायला शिकवते. ढसाळांचे कोणतेही सचित्र चरित्र या संहितेला केवळ तळटीपेत ठेवील तर ते अर्धेच राहील.

६

सचित्र चरित्र हा प्रकारच त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्याच नवयान प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेले ‘भीमायन’ हे पुस्तक येथे तुलनेला घेण्यासारखे आहे. आंबेडकरांच्या आठवणींवर, मुख्यतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधील अनुभवांवर, आधारलेल्या या चित्रकथेची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची आहेत, संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची. या कलावंतांनी चित्रकथेतील रूढ चौकटी नाकारल्या. माणसांना चौकोनांत कोंडायचे नाही, ही त्यामागील भूमिका होती. सौम्य बोलण्याचे फुगे त्यांनी पक्ष्याच्या आकाराचे केले आणि विषारी बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी लावली. येथे चित्र आपण रचले गेलो आहोत हे लपवत नाही. सातारच्या शाळेतील पाणी किंवा बडोद्यातील नाकारलेला निवारा यांची ती साक्ष नाही; ते त्या अनुभवांचे वाचन आहे. छायाचित्र ‘असे होते’ म्हणते, हे रेखाटन ‘असे समजले’ म्हणते. वादग्रस्त जीवनाच्या बाबतीत दुसरे विधान अधिक प्रामाणिक ठरते, कारण त्यात पाहणाऱ्याची जबाबदारी मान्य केलेली असते.

मग ढसाळांचे मराठी सचित्र चरित्र कसे असावे? त्याचे उत्तर त्यांच्या वाङ्मयीन जन्मस्थानाकडे पाहिल्यास मिळू शकते. ढसाळांचे जन्मस्थान कामाठीपुऱ्यात जितके आहे तितकेच ते अनियतकालिकांच्या कागदावर आहे. अशोक शहाणे यांचे ‘असो’, राजा ढाले यांचे ‘येरू’, सतीश काळसेकर, तुळसी परब, वसंत गुर्जर, चंद्रकांत खोत, मनोहर ओक यांच्या भोवतीचे सारे लेखन-प्रकाशन हा एक दृश्य व्यवहारही होता. चक्रमुद्रित पाने, स्वस्त कागद, अनियमित आकार, हाताने काढलेली शीर्षके, पत्रके, पँथरचा १९७३ चा जाहीरनामा: या गोष्टींत त्या पिढीने प्रस्थापित मासिकांच्या सौष्ठवाविरुद्ध केलेले बंड डोळ्यांना दिसते. अरुण कोलटकर स्वतः जाहिरातक्षेत्रातील दृश्यकलावंत होते; पुस्तकाचे रूप हा त्यांच्यासाठी कवितेचाच भाग होता. ढसाळांच्या बाबतीत असे अभ्यासपूर्ण दृश्यवाचन अद्याप विस्ताराने झालेले नाही. त्यांच्या चरित्रातील चित्रे गल्लीची असण्याआधी पानाची असावीत. शब्दांनी ज्या वेशी पाडल्या त्या शब्दांचे मुद्रित रूप वाचकासमोर ठेवणारे चित्र कवितेला नांगर घालत नाही. ते तिला पुन्हा भाषेकडे आणते.

असे चरित्र लिहिण्याची साधने विखुरलेली आहेत. अनियतकालिकांचा कागद टिकाऊ नव्हता आणि ते जपण्याची जबाबदारी कोणत्याही एका संस्थेची नव्हती. खासगी कपाटांत, बंद पडलेल्या मुद्रणालयांत आणि जुन्या वाचनालयांच्या न उघडलेल्या गठ्ठ्यांत ती असू शकतात. मध्य रेल्वेच्या मार्गावर जी मराठी कुटुंबे सरकली त्यांच्यासोबत ही कपाटेही ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे गेली असणे शक्य आहे, आणि घर बदलताना सर्वांत आधी रद्दीत जाते ते असेच कागद. या परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना आणि शतकोत्तर वाचनालयांना येथे संशोधनाचे एक क्षेत्र हाताशी आहे, ज्यासाठी कामाठीपुऱ्याची सफर करावी लागत नाही. कवीकडे जाणारी वाट एकाच वस्तीतून जाते हा समज एकदा सुटला, तर वाचकाला वाटाड्याची गरज उरणार नाही.

‘पोएट ऑफ द अंडरवर्ल्ड’चे ऐतिहासिक महत्त्व याने कमी होत नाही. त्या पुस्तकाने ढसाळांना मराठीबाहेर एक चेहरा दिला, आणि चित्र्यांसारख्या तोलाच्या कवीने आपली इंग्रजी त्यांच्या सेवेला लावली ही मराठी काव्याच्या इतिहासातील दुर्मीळ घटना आहे. परंतु चेहरा मिळणे आणि वाचले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तेंडुलकरांनी १९७२ मध्ये वाचकाचा हात धरून त्याला हद्दीपर्यंत आणले. चित्रे आणि श्टेगम्युलर यांनी २००७ मध्ये त्याला आतले दृश्य दाखवले. आता मराठी वाचकाने करायचे आहे ते इतकेच की ती हद्द आपल्याच जिन्याखालून, आपल्याच स्थानकाच्या पुलाखालून आणि आपल्याच भाषेतून जाते, हे ओळखून कविता पुन्हा उघडायची, आणि या वेळी चित्रे मिटून ठेवायची.